मॅग्नेटोची ठिणगी मलूल झालीय, चुंबक चार्ज करायचा कसा? (जुनं स्टेशनरी इंजिन)

जुनाट_चाक (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून तोंड उघडतोय.

माझ्याकडे एक जुनं पेट्रोल इंजिन आहे. एक सिलिंडर, आडवं, दोन्ही बाजूंना फ्लायव्हील, वर पाण्याचा हौद, हिट अँड मिस गव्हर्नर (वेग पुरेसा झाला की मुद्दाम ठोके गाळणारा). मॅग्नेटो (बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारं यंत्र) हाय टेन्शन, वर दोन नालाकृती चुंबक, आत फिरणारं आर्मेचर (तारेचे वेढे घेतलेला लोखंडी गाभा). नावाची पाटी इतकी झिजलीय की बोट फिरवूनही अक्षर लागत नाही.

तक्रार अशी. गार असताना चार-पाच हँडलात चालू होतं. वीस-पंचवीस मिनिटं मजेत चालतं. मग एखादा ठोका गाळतं, मग दोन, मग फुसफुसत बंद. लगेच हँडल मारलं तर ढिम्म. तासाभरानं पुन्हा शहाण्यासारखं चालू. बंद पडल्या पडल्या प्लग काढून हेडला टेकवून पाहिला, तर ठिणगी पिवळट-तांबूस, दिसली न दिसली अशी. नवा प्लग लावला, तोच प्रकार.

ज्याला विचारावं तो म्हणतो, "चुंबक मेलाय, चार्ज करून घ्या." म्हणून आज मॅग्नेटो उतरवून पूर्ण खोलला. आता एवढंच सांगा, चुंबक घरच्या घरी चार्ज करता येतो का?

ठिणगीवाला | शनिवार, रात्री ११:४२

येतो की. दहा मिनिटांचं काम. जाड तारेचे वेढे घ्यायचे, गाडीची बॅटरी लावायची, दोन-तीन झटके द्यायचे. जुन्या मॅग्नेटोचा चुंबक दमलेलाच असतो, डोळे मिटून चार्ज करा. मी तीन केलेत.

वेढा_मोजणारी | रविवार, सकाळी ७:०५

डोळे मिटूनच सल्ले देताय म्हणा की, ठिणगीवाले. हलके घ्या.

चाकराव, तुमचं वर्णन पुन्हा वाचा. गार असताना चालतं, तापलं की बंद, निवलं की परत चालू. दमलेला चुंबक गार असतानाही दमलेलाच असतो. उलट, हँडलानं इंजिन सावकाश फिरतं तेव्हाच त्याची खरी परीक्षा असते, कारण चुंबकाचा प्रवाह जितक्या वेगानं बदलेल तितकं व्होल्टेज. चुंबक कमजोर असता तर इंजिन चालू करतानाच दमछाक झाली असती, आणि एकदा वेग घेतल्यावर ते चाललं असतं. तुमचं नेमकं उलटं आहे. उष्णतेनं बिघडणाऱ्या दोनच गोष्टी मॅग्नेटोत असतात: कंडेन्सर आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन.

आता मुद्द्याचं. खोलताना चुंबकाच्या दोन पायांवर लोखंडी पट्टी ठेवली होती का?

जुनाट_चाक | रविवार, सकाळी ८:३०

नाही हो. कसली पट्टी? चुंबक फळीवर ठेवलेत, दोन्ही वेगवेगळे. कोणता पुढचा, कोणता मागचा हेही आता आठवत नाही.

वेढा_मोजणारी | रविवार, सकाळी ८:४४

अरे देवा.

म्हणजे काल संध्याकाळपर्यंत तुमचा चुंबक बहुधा ठीक होता. आज तो नाही. जुने नाल टंग्स्टन किंवा क्रोम पोलादाचे असतात. त्यांच्या दोन टोकांमधून चुंबकीय प्रवाहाला लोखंडाची वाट मिळाली पाहिजे, एरवी ती वाट आर्मेचर देतं. आर्मेचर बाहेर ओढलं आणि टोकं मोकळी राहिली, की चुंबक स्वतःच स्वतःला खातो. म्हणून आधी पायांवर मऊ लोखंडाची पट्टी (तिला कीपर म्हणतात) आडवी लावायची आणि मगच आर्मेचर काढायचं.

तेव्हा आता चार्ज करावाच लागेल. पण मूळ रोग दुसरा आहे आणि तो आधी शोधा. नाहीतर ताज्या चुंबकावर तेच इंजिन विसाव्या मिनिटाला पुन्हा बंद पडेल.

ठिणगीवाला | रविवार, सकाळी ९:१५

बरं, मान्य. पण माझे तीन तर चालू झाले होते.

वेढा_मोजणारी | रविवार, सकाळी ९:२२

चार्ज करायला खोललेत, तेव्हा पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) साफ केलेत ना? स्लिप रिंग (आर्मेचरवरचं पितळी कडं) पुसलीत? नवी एचटी वायर (प्लगकडे जाणारी) लावलीत?

ठिणगीवाला | रविवार, सकाळी ९:२४

...हो.

निव्वळ_वाचक | रविवार, सकाळी १०:००

वाचतेय. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी धागा सोडवत नाही. बॅटरी नसताना ठिणगी येते कुठून, हे कुणी पामरांना समजेल असं सांगाल का? आणि कंडेन्सर करतो काय?

ओहमकार | रविवार, सकाळी ११:३०

सांगतो. थोडं लांबेल.

चुंबकाच्या दोन टोकांमध्ये इंग्रजी एच अक्षरासारखा लोखंडी गाभा फिरतो. हा आकार वेर्नर सीमेन्सचा, १८५६ सालचा. गाभा अर्धा फेरा फिरला की त्यातल्या चुंबकीय प्रवाहाची दिशा उलटते. त्यावर आधी जाड तारेचे दीड-दोनशे वेढे असतात, ती प्रायमरी. तिच्यावर केसाहून बारीक तारेचे काही हजार वेढे, ती सेकंडरी. प्रायमरीची दोन टोकं पॉइंटमधून जोडलेली असतात. पॉइंट मिटलेले असताना गाभा फिरला की प्रायमरीत दोन-चार ॲम्पिअरचा करंट वाढत जातो. तो शिगेला पोचला की कॅम पॉइंट उघडतो. वाहता करंट एकदम तोडला, की गाभ्यातला चुंबकीय प्रवाह कोसळतो आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होतात. प्लगच्या फटीत ठिणगी.

आता पॉइंट काही विजेच्या वेगानं उघडत नाहीत. पहिल्या क्षणी त्यांच्यातली फट केसाएवढी असते आणि करंटला थांबायचं नसतं. तो तिथूनच उडी मारतो, म्हणजे ठिणगी प्लगवर न पडता पॉइंटवर पडते. कंडेन्सर पॉइंटला समांतर जोडलेला असतो. तेवढ्या क्षणापुरता तो करंट पोटात घेतो, तोवर फट पुरेशी रुंदावते. धावत्या माणसाला दार लोटायच्या आधी ओसरीवर उभं करावं, तसं.

कंडेन्सर तुटला तर पॉइंट जळतात आणि प्लग उपाशी राहतो. कंडेन्सर शॉर्ट झाला तर पॉइंट उघडूनही न उघडल्यासारखे, ठिणगी शून्य. आणि जुने कंडेन्सर असतात कागदाचे किंवा अभ्रकाचे. कागदात दमट हवा शिरलेली असते. गार असताना तग धरतात, तापले की गळायला लागतात.

अवांतर: रॉबर्ट बॉशनं १८८७ मध्ये पहिला मॅग्नेटो बनवला तो मोटारीसाठी नव्हे, एका जागी बसलेल्या गॅस इंजिनासाठीच. तो लो टेन्शनचा होता. वर सांगितला तसा, प्लगला थेट हजारो व्होल्ट देणारा हाय टेन्शन मॅग्नेटो त्याच्याच कारखान्यातल्या गोटलोब होनोल्डनं १९०२ मध्ये तयार केला.

निव्वळ_वाचक | रविवार, सकाळी ११:४१

ओसरीवर उभं केलेलं आवडलं. दंडवत.

वेढा_मोजणारी | रविवार, दुपारी १२:१०

ओहमकारांनी छान मांडलंय. चाकराव, तुमचे पॉइंट कसे दिसतात? भिंग असेल तर त्यातून पाहा.

आणि इतरांसाठी, ज्यांनी अजून खोललेला नाही: खोलण्याआधी एक सोपी परीक्षा असते. इंजिन बंद करायचा स्विच जिथे जोडतात तो स्क्रू म्हणजे पॉइंटची करंटवाली बाजू. त्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत बाहेरून एक चांगला कंडेन्सर जोडा, जुन्या गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरचाही चालतो. ठिणगी एकदम निळी झाली आणि पॉइंटवरची चमचम थांबली, तर आतला कंडेन्सर तुटलाय. फरक पडला नाही म्हणून मात्र आतल्याला निर्दोष समजू नका. तो गळका असेल तर बाहेरून दुसरा जोडून गळती थांबत नाही, आतला सोडवूनच काढावा लागतो.

याच स्क्रूची वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकलीय, एवढ्यासाठी आख्खे मॅग्नेटो खोललेले मी पाहिलेत.

जुनाट_चाक | रविवार, संध्याकाळी ६:२०

पाहिलं सगळं. एकेक सांगतो.

पॉइंट: एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ, कडा काळ्यानिळ्या. फिलर गेज घातली तर गॅप ०.५ मिमीच्या वर.

पॉइंटची हलणारी दांडी तिच्या फायबर बुशात जड फिरते. बोटानं उघडून सोडली तर टक् करून मिटत नाही, आळसावल्यासारखी परत येते.

स्लिप रिंग: आत कार्बन ब्रशची काळी पूड. आणि... कडेचा एक टवका उडालाय. हा माझाच पराक्रम. आर्मेचर ओढताना अडलं, मी जरा जोर लावला, आणि कट् झालं. नंतर दिसलं की बाजूनं एक टोकदार स्क्रू आत आलेला होता.

वाइंडिंगच्या पट्टीवर तपकिरी चिकट घाम आलाय. वास जुन्या फर्निचरच्या पॉलिशसारखा.

वेढा_मोजणारी | रविवार, संध्याकाळी ७:०२

तो सेफ्टी गॅपचा स्क्रू. वायर सुटली किंवा प्लग तुटला तर हजारो व्होल्टना जायला वाट हवी, नाहीतर ते वाइंडिंग फोडून जातात. म्हणून एचटी वायर मोकळी ठेवून मॅग्नेटो कधी फिरवू नये. आर्मेचर काढण्याआधी तो स्क्रू आणि ब्रशचा होल्डर, दोन्ही बाहेर काढायचे असतात. वाईट वाटून घेऊ नका, स्लिप रिंगची कड मोडलेली माणसं या धाग्यावर आणखी सापडतील. टवका पितळी कड्यापर्यंत पोचलाय का? नसेल तर स्पिरिटनं पुसा, तुकडा इपॉक्सीनं बसवा, पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून वर इन्सुलेटिंग वार्निशचा हात द्या. खरबरीत राहिला तर तिथे कार्बन साचून ठिणगीला पायवाट मिळते.

घाम म्हणजे लाख. जुनी वाइंडिंग लाखेत बुडवलेली असत. ती तापून पाझरली म्हणजे वाइंडिंग बाद झालं असं नाही, पण संशयितांच्या यादीत आलं.

फायबर बुश दमट हवेनं फुगतो. रीमरचा किंवा गुंडाळलेल्या पॉलिश पेपरचा अगदी हलका हात द्या, दांडी सुटी फिरेपर्यंतच. पॉइंट बारीक ऑइलस्टोनवर सपाट करा, गॅप ०.३ मिमी ठेवा. ०.५ म्हणजे फार. जास्त गॅपमुळे पॉइंट लवकर उघडतात, करंट शिगेला पोचायच्या आधीच. आर्मेचरची कड पोल-शूच्या (चुंबकाच्या पायांना लागून आर्मेचरला वेढणारा लोखंडी तुकडा) कडेपासून दोन-तीन मिलिमीटर सुटली की पॉइंट उघडले पाहिजेत. नवा चुंबक बसवूनही मलूल ठिणगी देणारे मॅग्नेटो बरेचदा इथे चुकलेले असतात.

फिरकी | रविवार, रात्री ८:१५

स्लिप रिंगची कड मोडलेला मीही. +१.

माझ्याकडे लो टेन्शन इंजिन आहे, वेबस्टरचा ट्रायपोलर ऑसिलेटर (फिरण्याऐवजी झटक्यानं हेलकावणारा मॅग्नेटो). प्लग नाही, सिलिंडरच्या आत इग्नायटर आहे. मला यातलं काय लागू?

वेढा_मोजणारी | रविवार, रात्री ८:३१

फार थोडं. तुमच्यात सेकंडरी नाही, कंडेन्सर नाही. पॉइंट म्हणजे सिलिंडरमधला इग्नायटरच. आधी त्याचं अभ्रकाचं इन्सुलेशन काजळीनं माखलंय का ते बघा, मग स्प्रिंगा. ऑसिलेटर झटक्यावर चालतो, स्प्रिंगा सैल पडल्या तर झटका मंद आणि करंट कमी. चुंबकाला कीपर तुमच्याकडेही लागतोच. बाकीचं वेगळ्या धाग्यात घ्या, इथे गोंधळ होईल.

ओहमकार | रविवार, रात्री ९:००

चाकराव, मल्टिमीटर लावला का? प्रायमरी साधारण अर्धा ओहम लागते. आधी मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवा, जे दिसेल ते वजा करा, नाहीतर वायरींचाच रोध मोजाल. सेकंडरी स्लिप रिंगच्या पितळेपासून गाभ्यापर्यंत मोजा, काही किलोओहम यायला हवी. अनंत दाखवलं तर तार तुटलीय.

पण मल्टिमीटरनं सगळं ठीक दाखवलं म्हणून हुरळून जाऊ नका. तो दोन-तीन व्होल्टवर मोजतो. पॉइंट उघडताना कंडेन्सरवर दोन-तीनशे व्होल्ट येतात. ही परीक्षा मेगरवरच होते (शेकडो व्होल्ट लावून इन्सुलेशन मोजणारं मीटर).

जुनाट_चाक | मंगळवार, रात्री १०:१५

उशीर झाला, मेगर उसना मिळवायला दोन दिवस गेले.

प्रायमरी ०.५ ओहम. सेकंडरी ५.२ किलोओहम. हेअर ड्रायरनं आर्मेचर हाताला चटका बसेल इतकं तापवलं, सेकंडरी तुटली नाही, तांब्याचा रोध तापल्यावर वाढतो तेवढीच वाढली.

कंडेन्सर आर्मेचरच्या पॉइंटकडच्या टोकात, पितळी झाकणाखाली होता. डाग सोडवून मोकळा केला. मल्टिमीटरवर ०.१८ मायक्रोफॅरड, मला वाटलं उत्तम. मग ५०० व्होल्टचा मेगर लावला. गार असताना २ मेगओहम. ड्रायर धरला, काटा उतरायला लागला. एक मेग, अर्धा, पाव, आणि मग एकदम शून्याला जाऊन चिकटला. ड्रायर बंद करून चहाचा कप संपेपर्यंत बसलो. काटा परत वर.

तीन वेळा केलं. तीन्ही वेळा तेच. इंजिनाचा तोच खेळ माझ्या टेबलावर चालला होता.

वेढा_मोजणारी | मंगळवार, रात्री १०:२२

सापडला.

ठिणगीवाला | मंगळवार, रात्री १०:४०

च्यायला. माझ्या चौथ्या मॅग्नेटोचं असंच आहे, तापला की रुसतो. मी दोनदा चार्ज केलाय त्याला.

ओहमकार | मंगळवार, रात्री ११:०५

सुंदर. मल्टिमीटरनं ०.१८ दाखवलं आणि तोच खरा चोर निघाला, हे लक्षात राहील असं आहे.

नवा कंडेन्सर निवडताना: ०.१५ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या मध्ये कुठेही चालेल. पॉलिप्रोपिलीन फिल्मचा, निदान ६३० व्होल्टचा, आणि डेटाशीटमध्ये पल्ससाठी म्हणून दिलेला घ्या. जागा कमी असेल तर सिरॅमिकही बसवतात, पण त्यातल्या बऱ्याचशांची क्षमता व्होल्टेज चढलं की घटते, तेव्हा मूळ आकडा मोठा धरावा लागतो. इलेक्ट्रोलिटिक अजिबात नको, इथे व्होल्टेज दोन्ही दिशांना हेलकावतं. जुन्या जागी बसवून पोकळी इपॉक्सीनं भरा, म्हणजे फिरताना तार हलणार नाही.

जुनाट_चाक | मंगळवार, रात्री ११:२०

बरं, आणि चुंबक? आता ते पाप निस्तरायचंय. निओडिमियमचा एक जबरदस्त चुंबक आहे माझ्याकडे. तो घासला तर?

ओहमकार | बुधवार, सकाळी ६:५०

घासून काही खास होत नाही. जिथे टेकेल तिथला पृष्ठभाग थोडा बदलतो, आख्खा नाल शिगेपर्यंत भरत नाही. विद्युतचुंबक बनवा, पुढच्या दहा मॅग्नेटोंना कामी येईल.

हिशोब करून दाखवतो. टंग्स्टन पोलादाचा चुंबक पुसायला सुमारे ७० ओर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचं जुनं माप) लागतात. पूर्ण भरायला त्याच्या चौपट तरी द्यावं, म्हणजे ३०० धरा. मीटरच्या मापात ते २४,००० ॲम्पिअर प्रति मीटर. तुमचा नाल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळणावरून मोजला तर २५ सेंमी असेल. २४,००० गुणिले ०.२५, म्हणजे ६,००० ॲम्पिअर-वेढे.

आता कॉइल. ४० मिमी जाडीचे मऊ लोखंडाचे दोन दांडे, १२ सेंमी उंचीचे, खाली जाड लोखंडी पाट्यावर बोल्टनं घट्ट. प्रत्येकावर १.६ मिमीच्या एनॅमल तारेचे ३०० वेढे. दोन्ही मिळून ६०० वेढे, तार साधारण १०० मीटर, रोध ०.८५ ओहमच्या आसपास. १२ व्होल्टची बॅटरी लावली की १३-१४ ॲम्पिअर. गुणाकार करा: आठ हजारांच्या घरात. पुरे झालं, वर शिल्लक.

दोन दांड्यांमधलं अंतर नालाच्या पायांइतकं ठेवा. दांड्याची जाडी नालाच्या पायापेक्षा कमी नको. आणि दोन कॉइल अशा जोडा की एका दांड्याचं वरचं टोक उत्तर होईल, दुसऱ्याचं दक्षिण. होकायंत्रानं खात्री करा. दोन्ही उत्तर झाली तर सगळी मेहनत पाण्यात.

ठिणगीवाला | बुधवार, सकाळी ७:३०

एवढा खटाटोप कशाला? वेल्डिंग मशीनची केबल चार वेळा गुंडाळायची. दोनशे ॲम्पिअर!

ओहमकार | बुधवार, सकाळी ७:४४

चार गुणिले दोनशे म्हणजे आठशे. हवेत सहा हजार. आणि मशीन एसी असेल तर चुंबक भरणार नाही, पुसलाच जाईल.

ठिणगीवाला | बुधवार, सकाळी ७:४६

गणित आडवं आलं. गप्प बसतो.

वेढा_मोजणारी | बुधवार, सकाळी ८:१०

हातानं करायच्या गोष्टी मी सांगते.

चार्ज करण्याआधी होकायंत्र घेऊन दोन्ही नालांच्या पायांवर उत्तर-दक्षिण खडूनं लिहा. दमलेला असला तरी तेवढं सांगण्याइतका जीव त्याच्यात असतो. नालाचा उत्तर पाय विद्युतचुंबकाच्या दक्षिण टोकावर येईल असा ठेवा. एकेक नाल स्वतंत्र करा. दोन-तीन सेकंद करंट, मग बंद, असं तीन-चार वेळा. जास्त वेळ धरून चुंबक जास्त भरत नाही, फक्त कॉइल तापते. काही जण करंट चालू असताना नालावर लाकडी हातोडीनं टिचक्या मारतात. मी मारते, ओहमकार हसतात. करंट बंद झाल्यावर मात्र ठोकायचं नाही, आपटायचं नाही.

शेवटच्या वेळी करंट चालू असतानाच नालाच्या दोन पायांना आडवी कीपर पट्टी चिकटवा, मग करंट बंद, मग नाल पट्टीसकट उचला. मॅग्नेटोवर आर्मेचर आधी जागेवर हवं, पोल-शूंना जोडणाऱ्या स्थितीत. नाल वरून सरकवत बसवा, तसतशी पट्टी खाली सरकत सुटेल. चुंबकाची टोकं एक क्षणही मोकळी राहत नाहीत.

आणि गंमत नाही, नीट ऐका. एवढ्या मोठ्या कॉइलचा करंट तोडला की स्विचवर मोठी ठिणगी पडते. बॅटरीच्या टर्मिनलवर वायर काढघाल करू नका, बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. स्विच बॅटरीपासून लांब, डोळ्यांवर चष्मा, आणि कॉइलला उलट्या दिशेनं एक जाड डायोड लावला तर उत्तम. मनगटावर घड्याळ नको.

फिरकी | बुधवार, सकाळी ९:००

माझं एक घड्याळ असंच गेलंय. +१.

जुनाट_चाक | पुढचा रविवार, रात्री ९:३०

धागा वर काढतो.

तार गुंडाळायला दोन संध्याकाळ लागल्या. बोटं सोलवटली. रोध ०.९ ओहम आला, ओहमकारांच्या हिशोबाच्या अगदी जवळ. चार्ज करण्याआधी एका नालाला स्प्रिंग काटा अडकवून लोखंडी ठोकळ्यावरून ओढला होता, सव्वादोन किलोला सुटला. चार्ज केल्यावर सहा किलोला. दुसरा त्याच्याच आसपास.

बसवला. एचटी वायर बॉडीपासून ५ मिमीवर धरली, चाक फिरवलं. काही नाही. अक्षरशः काही नाही. शाफ्ट बोटानं फिरवला तर लोण्यातून फिरल्यासारखा. चार्ज करण्यापूर्वी निदान थोडा अडायचा तरी!

तासभर डोकं धरून बसलो. मग होकायंत्र आणलं. एक नाल उलटा बसवलेला. एकाचा उत्तर दुसऱ्याच्या दक्षिणेशेजारी. दोघं आपापसातच प्रवाह फिरवत होते, आर्मेचरपर्यंत काही येतच नव्हतं.

निव्वळ_वाचक | पुढचा रविवार, रात्री ९:३६

खडूनं लिहायला सांगितलं होतं ना?

जुनाट_चाक | पुढचा रविवार, रात्री ९:४०

लिहिलं होतं. नंतर नाल स्वच्छ दिसावेत म्हणून पुसले.

असो. दोन्ही परत चार्ज केले, या वेळी कानशीनं बारीक खूण केली. बसवताना हातालाच कळलं. शाफ्ट फिरवला की एका फेऱ्यात दोनदा अडतो, मग झटक्यानं पुढं सुटतो. वायर ६ मिमीवर धरली, इंपल्स कपलिंगचा (सावकाश फिरवतानाही मॅग्नेटोला झटका देणारा जोड) टक् आवाज आला आणि त्याच्यासोबत निळी, जाड ठिणगी, चट्ट! दिवा लावलेला असताना दिसली. पॉइंटवर अंधारात पाहिलं, कुठे एखादा ठिपका चमकला तर चमकला.

प्लगची गॅप ०.५ मिमी. टायमिंग जुन्या खुणेवर. हौदात पाणी. दुसऱ्या हँडलात चालू.

ओहमकार | पुढचा रविवार, रात्री ९:५२

विसावं मिनिट?

जुनाट_चाक | पुढचा रविवार, रात्री ९:५८

स्टूल घेऊन समोर बसलो होतो. विसावं गेलं, तिसावं गेलं. हौदातनं वाफा यायला लागल्या. गव्हर्नर पकडायचा, सोडायचा, पकडला की एक ठोका, मग चार-पाच फेरे नुसता सुस्कारा, परत ठोका. मुद्दाम गाळलेले ठोके, चुकून एकही नाही. दीड तासानं मीच बंद केलं. मॅग्नेटोवर हात ठेवला, चांगलाच गरम. लगेच हँडल मारलं, पहिल्याच हँडलात चालू.

पाझरलेली लाख पुसून टाकलीय. ते वाइंडिंग आणखी किती टिकेल?

वेढा_मोजणारी | पुढचा रविवार, रात्री १०:१०

महिनाभर चालवा आणि अधूनमधून आर्मेचरच्या बाजूनं बोट फिरवून बघा, चिकट लागतंय का. लाख मऊ होऊन बाहेर आली तर ती आर्मेचर आणि पोल-शूच्या मधल्या फटीत चिकटते, फट कागदाएवढीच असते, आणि मग शाफ्ट जाम. तसं दिसलं तर थांबा, नवं वाइंडिंग भरू. मी इपॉक्सी व्हॅक्यूममध्ये भरते, ती तापून पाझरत नाही. आज ठिणगी चांगली आहे तर हात लावू नका.

ठिणगीवाला | पुढचा रविवार, रात्री १०:३०

अभिनंदन चाकराव. ओहमकार, हे विद्युतचुंबकाचं माप मी उचलतोय. माझा चौथा मॅग्नेटो नव्या धाटणीचा आहे, चुंबकच आत फिरतो, अल्निकोचा (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचा). त्याला हेच चालेल ना?

ओहमकार | पुढचा रविवार, रात्री १०:४१

नाही. अल्निको पुसायला सहाशेच्या आसपास ओर्स्टेड लागतात, टंग्स्टनच्या आठ-नऊ पट. भरायलाही त्याच प्रमाणात जास्त. या कॉइलनं त्याला गुदगुल्या होतील. आणि याच कारणानं तो सहसा दमतही नाही. तुम्ही त्याला दोनदा चार्ज केलात म्हणता, त्याला पत्ताही लागला नसेल.

ठिणगीवाला | पुढचा रविवार, रात्री १०:४४

मेगर कुणाकडे आहे म्हणालात?